वाढत्या मुलांचे मधल्या वेळचे खाणे

शाळा सुटून किंवा शिकवणी आटोपून घरी परतलेला चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा दप्तर एका कोपऱ्यात टाकतो आणि सरळ स्वयंपाकघराची वाट धरतो, हे दृश्य शहरातील बहुतेक घरांत नित्याचे आहे. सकाळच्या उरलेल्या पोळ्या संपतात, बिस्किटांचा पुडा पाहता पाहता रिकामा होतो, आणि तरीही ‘खायला काय आहे?’ हा प्रश्न शिल्लक राहतोच. ह्या प्रश्नास घरोघर दोन प्रकारची उत्तरे मिळतात. कोणी म्हणते, ‘आत्ताच तर डबा खाल्लास, पोट आहे की पेव?’ कोणी मायेपोटी जे हाताला लागेल ते पुढे करते. मग ते फरसाण असो, खारी असो, की बाजारातून आणलेला वडापाव असो. पहिल्या उत्तरात मुलाची भूक खोटी ठरते. दुसऱ्यात ती खरी मानली जाते. पण पोट भरले जाते आणि भूक मात्र फसवली जाते. ह्या वयाची भूक खरी असते, ती विशिष्ट गोष्टीची मागणी करीत असते, आणि ती मागणी पुरी करण्याचे साहित्य प्रत्येक मराठी घराच्या फडताळात पूर्वीपासून ठेवलेले असते, एवढे ध्यानात आले तर ह्या रोजच्या प्रश्नाचा निकाल फारसा अवघड नाही.

प्रथम ही भूक येते कोठून ते पाहू जाता असे दिसते, की जन्मानंतरच्या पहिल्या दोन वर्षांनंतर मनुष्याचे शरीर एवढ्या वेगाने पुन्हा एकदाच वाढते, आणि तो काळ म्हणजे वयात येण्याचा काळ होय. मुलींमध्ये ह्या वाढीचा भर साधारणतः बाराव्या वर्षाच्या सुमारास असतो, तर मुलांमध्ये तो सुमारे दोन वर्षांनी मागाहून येतो. ह्या भराच्या वर्षात कित्येक मुले आठ-दहा सेंटीमीटरांनी उंच होतात. गेल्या दिवाळीचे कपडे ह्या दिवाळीला आखूड होतात, हे आईबापांच्या लक्षात येते. परंतु त्या आखूड झालेल्या बाहीच्या आत हाड लांबले, स्नायू भरला, रक्त वाढले, आणि ह्या सर्वांस लागणारा माल रोजच्या ताटातूनच आला, हे लक्षात येत नाही. घराचे बांधकाम चालू असताना विटांची गाडी रोज यावी लागते. तसेच हे आहे.

शरीराच्या ह्या बांधकामातील विटा म्हणजे प्रथिने. युरोपातील रसायनशास्त्रज्ञांनी १८३८ साली ह्या द्रव्यास नाव दिले, ते ‘अग्रस्थानी असलेले’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. मराठीतील ‘प्रथिन’ हा शब्दही कानाला त्याच्या जवळचाच आहे. पिष्टमय पदार्थ आणि स्निग्ध पदार्थ हे मुख्यतः शरीराच्या चुलीतील जळण होत. प्रथिने ही घडणीची सामग्री. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली ठरविलेल्या प्रमाणानुसार १३ ते १५ वर्षांच्या मुलास दिवसाकाठी सुमारे ४५ ग्रॅम, तर त्याच वयाच्या मुलीस सुमारे ४३ ग्रॅम प्रथिने मिळावीत. १६ ते १८ ह्या वयात मुलाची गरज ५५ ग्रॅमांवर जाते आणि मुलीची ४६ ग्रॅमांच्या आसपास राहते. प्रौढ पुरुषास ५४ ग्रॅम आणि प्रौढ स्त्रीस सुमारे ४६ ग्रॅम पुरतात, हे पाहिले म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते: अंगाने अजून लहान दिसणाऱ्या मुलाची गरज घरातील कर्त्या माणसाच्या बरोबरीची, किंबहुना कधी कणभर अधिकच असते. त्याच्या ताटात मात्र पुष्कळदा ‘मुलाचा वाटा’ म्हणून लहानसा वाटा पडतो.

येथे एका मोहापासून सावध राहणे अवश्य आहे. ‘प्रथिने’ हा शब्द आज जाहिरातींच्या तोंडी बसलेला आहे. डब्यातील भुकट्या, कागदात गुंडाळलेल्या वड्या, पाण्यात ढवळून पिण्याची चूर्णे ह्या सर्वांवर तो मोठ्या अक्षरांत छापलेला असतो, आणि व्यायामशाळेत जाऊ लागलेल्या मुलास त्यांचा लोभ सुटतो. प्रथिनांविषयीची ही घाई अगदीच नवी नव्हे. १९५० नंतरच्या दोन दशकांत साऱ्या जगभर असा समज बळावला होता, की गरीब देशांतील मुलांच्या खुरट्या वाढीचे मूळ केवळ प्रथिनांच्या अभावात आहे; १९६८ साली संयुक्त राष्ट्रांनी ‘येऊ घातलेल्या प्रथिन-संकटा’वर अहवालही काढला. त्या समजास ज्यांनी आकड्यांच्या आधारे आव्हान दिले, त्यांत महाराष्ट्राचे सुपुत्र, संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे हे अग्रणी होते. सातारा जिल्ह्यात जन्मलेले आणि पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाची धुरा दीर्घकाळ वाहिलेले सुखात्मे ह्यांचे म्हणणे असे, की धान्य आणि डाळ ह्यांवर चालणारा आपला आहार जर पोटभर असेल, तर त्यात प्रथिने बहुधा पुरेशी येतात. उणीव असते ती आधी पोटभर अन्नाचीच. राष्ट्रीय पोषण संस्थेचे डॉ. सी. गोपालन आणि त्यांचे सहकारी ह्यांनीही १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवून दिले, की कुपोषित लहान मुलांस मुख्यत्वे ऊर्जा देणारे जादा खाणे दिले असताही त्यांची वाढ सुधारते.

ह्याचा अर्थ प्रथिनांकडे दुर्लक्ष करावे असा नव्हे. अर्थ असा, की उपाशी पोटी खाल्लेली प्रथिने घडणीच्या कामी येत नाहीत. चुलीत लाकूड नसले म्हणजे शरीर तीच जाळून टाकते. भाकरी भाजण्यासाठी चंदनाचे खोड चुलीत सारावे, तसा तो व्यवहार होतो. म्हणून वाढत्या मुलाच्या खाण्यात धान्य, तेल-तूप, गूळ ही जळणाची बाजू पुरेशी असावी आणि तिच्या जोडीने प्रथिनांची बाजूही भक्कम असावी. डब्यातील भुकटीने हे दुहेरी काम साधत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली काढलेल्या आहारविषयक मार्गदर्शिकेत तर स्पष्टच सांगितले आहे, की चांगली प्रथिने अन्नपदार्थांच्या योग्य मिश्रणातून मिळवावीत आणि स्नायू कमावण्यासाठी प्रथिनांच्या भुकट्यांच्या नादी लागू नये. जुन्या तालमीतील मल्लांनी दूध आणि भिजवलेले हरभरे ह्यांवर कमावलेली शरीरे ज्यांच्या आठवणीत आहेत, त्यांस ह्या सल्ल्याचे नवल वाटणार नाही.

आता एका सामान्य शाकाहारी घरातील चौदा वर्षांच्या मुलाच्या दिवसाचा हिशेब मांडून पाहावा. सकाळ-संध्याकाळ मिळून त्याने चार पोळ्या खाल्ल्या असे धरू. एका पोळीस ३० ग्रॅम कणीक धरली तर १२० ग्रॅम कणकेतून त्यास सुमारे १३ ग्रॅम प्रथिने मिळतात. ६० ग्रॅम तांदळाच्या भातातून ५ ग्रॅमांपर्यंत येतात. वरणाची डाळ दिवसाची २५ ग्रॅम त्याच्या वाट्यास आली, तर तिचे ५ ग्रॅम. भाजीतून फार तर २ ग्रॅम, आणि कपभर दुधातून ५. एकूण बेरीज होते ३० ग्रॅम. गरज ४५ ग्रॅमांची. तूट १५ ग्रॅमांची. मुलीच्या बाबतीत, तिनेही तेवढेच अन्न घेतले असे गृहीत धरले तर, तूट १३ ग्रॅमांची राहते. हा मुलगा उपाशी नाही, घर गरीब नाही, आणि ताटात पदार्थांची उणीव दिसत नाही. तरीही दिवसाच्या गरजेचा तिसरा हिस्सा कमी पडला आहे. अर्थात प्रत्येक घराचे आकडे ह्याहून थोडे निराळे येतील. जो मुलगा सहा पोळ्या खातो त्याची तूट कमी असेल. ज्या घरातील वरणात डाळीपेक्षा पाणीच अधिक असते तेथे ती जास्त असेल. परंतु बहुतेक घरांत ही तूट भरून काढण्याची हक्काची जागा एकच उरते, आणि ती म्हणजे मधल्या वेळचे खाणे.

त्या वेळी आज प्रत्यक्षात काय खाल्ले जाते? चहा आणि बिस्किटे, बटाट्याचे वेफर, मैद्याच्या शेवया, पाव आणि जॅम. ह्या सर्वांत पीठ, साखर, तेल आणि मीठ मुबलक असते. घडणीची सामग्री मात्र नाममात्र. उपासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी पोटभर झाली म्हणजे मुलगा तृप्त दिसतो. पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. त्या खिचडीत जी काही प्रथिने असतात ती त्यात घातलेल्या दाण्याच्या कुटाची. शेव, पापडी ह्यांत हरभऱ्याच्या डाळीचे पीठ असल्यामुळे प्रथिने अगदीच नसतात असे नाही; परंतु त्यांच्याबरोबर तेल आणि मीठ एवढे येते, की ते रोजचे खाणे करण्यात शहाणपण नाही. असले पदार्थ खाऊन झाल्यावर तासाभरात मुलास पुन्हा भूक लागते. प्रथिने असलेले खाणे पोटात अधिक काळ टिकते, हा त्याचा आणखी एक गुण होय.

पदार्थांतील गुणांचे तक्ते तयार करण्याचे काम आपल्या देशात जुने आहे. निलगिरीतील कुन्नूर येथील प्रयोगशाळेत डॉ. एक्रॉइड ह्यांनी १९३७ साली भारतीय अन्नाच्या पोषणमूल्यांची पुस्तिका प्रसिद्ध केली. तीच संस्था पुढे हैदराबादेस गेली, आणि २०१७ साली तिने देशाच्या सहा विभागांतील ५२८ अन्नपदार्थांचे नवे तक्ते काढले. त्यांवरून पाहता १०० ग्रॅम हरभऱ्याच्या डाळीत सुमारे २१, अख्ख्या मुगात २२, मटकीत जवळजवळ २०, कुळथात २१ आणि भुईमुगाच्या दाण्यांत २३ ग्रॅम प्रथिने आहेत. सोयाबीनमध्ये ती ३५ ग्रॅमांपर्यंत जातात. गव्हाच्या पिठात १० आणि तांदळात ८ ग्रॅमही पुरते नाहीत. म्हणजे डाळी-कडधान्यांची एक मूठ तांदळाच्या अडीच-तीन मुठींची बरोबरी करते.

ह्या आकड्यांपुढे ठेवून वरील १५ ग्रॅमांची तूट पाहिली, तर ती भरणे किती सोपे आहे हे कळून येते. एक भरली मूठ फुटाणे, म्हणजे सुमारे ३० ग्रॅम, ह्यांत ६ ग्रॅम प्रथिने. २५ ग्रॅम भाजलेल्या शेंगदाण्यांत आणखी ६. वर वाटीभर दही घेतले म्हणजे ३. पंधरा ग्रॅमांचा हिशेब पुरा झाला, आणि त्यासाठी विस्तव पेटवावा लागला नाही. जोडीस गुळाचा खडा घेतला की जळणाचीही सोय झाली. चणे-दाणे हे शाळेबाहेरच्या गाडीवर पुडीत मिळणारे गरिबाचे खाणे म्हणून त्याकडे पाहण्याची शहरी सवय आहे; ती सोडलेली बरी.

दुसरी जागा उसळीची. ४० ग्रॅम कोरडी मटकी भिजवून, मोड आणून, शिजवली की भरपूर वाटीभर उसळ होते आणि तिच्यात ८ ग्रॅम प्रथिने असतात. तिच्याबरोबर एक पोळी खाल्ली की बेरीज ११ वर जाते. मोडांविषयी मात्र एक गैरसमज रूढ आहे. मोड आल्याने प्रथिने वाढतात असे सांगण्यात येते. तसे होत नाही. पाणी शोषल्याने दाणा फुगतो, त्यामुळे वजनाच्या मानाने प्रथिने उलट कमी भरतात. मोडांचा खरा लाभ निराळा आहे: ते पचावयास हलके होतात, त्यांत क जीवनसत्त्व निर्माण होते, आणि धान्यातील लोह अडवून ठेवणारे द्रव्य कमी होते. म्हणून माप घ्यावयाचे ते कोरड्या कडधान्याचे. कच्चे मोड खाण्यापेक्षा त्यांस वाफ देणे सुरक्षित; ओलाव्यात मोडांबरोबर जंतूही वाढतात.

तिसरा प्रकार धिरड्यांचा. रात्री ५० ग्रॅम हिरवे मूग भिजत घालावेत, सकाळी आले, मिरची आणि जिरे घालून वाटून ठेवावेत, आणि संध्याकाळी तव्यावर दोन धिरडी टाकावीत. एवढ्या मुगाचे ११ ग्रॅम, बरोबरच्या दह्याचे ३. थालीपिठाची भाजणी हा तर आपल्या पूर्वजांनी साधलेला उत्तम मेळ म्हणावा लागेल. ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहू ही धान्ये आणि हरभऱ्याची व उडदाची डाळ एकत्र भाजून दळण्यात केवळ चव नव्हती. धान्यांच्या प्रथिनांत ‘लायसीन’ नावाचा घटक अपुरा असतो, तो डाळींत भरपूर. डाळींत ‘मेथिओनीन’ हा घटक कमी, तो धान्यांत असतो. दोघे एकत्र आले म्हणजे एकमेकांचे उणे भरून काढतात. वरण-भात, पिठले-भाकरी, खिचडी, मेतकूट-भात, पुरणपोळी ह्या साऱ्या जोड्यांमागे हेच रहस्य आहे. भाजणी करताना डाळींचे प्रमाण नेहमीपेक्षा थोडे वाढविले, तर मुलास काही नवे खात असल्याचे कळणारही नाही. तीच गोष्ट सातूच्या पिठाची: भाजलेले गहू आणि डाळे ह्यांचे हे पीठ दुधात गूळ-वेलदोड्यांसह कालविले की दोन मिनिटांत खाणे तयार होते. एकटा घरी आलेला मुलगाही ते करून घेऊ शकतो.

सोयाबीनचा उपयोग जपून करावा. नऊ वाटे गव्हात एक वाटा सोयाबीन दळून आणले, तर चार पोळ्यांमागे ३ ग्रॅम प्रथिने जादा मिळतात आणि चवीत फारसा फरक पडत नाही. परंतु कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनास अडथळा करणारे द्रव्य असते आणि ते उष्णतेने नष्ट होते. म्हणून दळण्यापूर्वी दाणे नीट भाजून घेणे अगत्याचे आहे.

ज्या घरांत अंडी चालतात, तेथे दोन उकडलेली अंडी म्हणजे १३ ग्रॅम प्रथिने, तीही उत्तम प्रतीची. पांढरा भाग खाऊन पिवळा बलक टाकून देण्याची जी टूम तरुणांत निघाली आहे, तिला वाढत्या निरोगी मुलांच्या बाबतीत आधार नाही. बलकातही प्रथिने असतात आणि अ जीवनसत्त्वही त्यातच असते. कोकणात आणि गोव्यात दुपारची उरलेली मासळी किंवा सुकटीची चटणी भाकरीबरोबर खाण्याची चाल आहे. तीही ह्या दृष्टीने योग्यच, केवळ सुक्या मासळीतील मिठाकडे लक्ष असावे. दूध, दही, ताजे पनीर ही शाकाहारी घरातील मोठी दौलत होय. पनीर ५० ग्रॅम घेतले तर ९ ग्रॅम प्रथिने मिळतात. ताक मात्र तहान भागविते. पाणी घातलेल्या ताकाला दह्याची बरोबरी साधत नाही.

येथवर मुलगा आणि मुलगी ह्यांचा उल्लेख बरोबरीने झाला. घरातील वाढप मात्र नेहमी बरोबरीने होत नाही. सुशिक्षित घरांतही मुलाने तिसरी पोळी मागितली की कौतुक होते, मुलीने मागितली की कोणीतरी तिच्या अंगलटीविषयी बोलते. अंडे एकच उरले तर ते कोणाच्या ताटात पडते, साय कोणास मिळते, हे ज्याने त्याने आपल्या घरात पाहावे. काही मुली तर जाड होण्याच्या भयाने संध्याकाळचे खाणे आपण होऊनच टाळतात, आणि ‘तिला भूकच नसते’ असे म्हणून घर निश्चिंत होते. ह्याचा परिणाम डोळ्यांस दिसत नाही, पण रक्त तपासले म्हणजे दिसतो. २०१९ ते २०२१ ह्या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींत रक्तक्षय आढळला. मुलांत ते प्रमाण ३१ टक्के होते. मासिक पाळी सुरू झाल्यावर मुलीची लोहाची गरज मुलापेक्षा वाढते. १३ ते १५ वर्षांच्या मुलीस दिवसास ३० मिलिग्रॅम लोह हवे, तर त्याच वयाच्या मुलास २२. शिवाय पुढील साऱ्या आयुष्यास पुरावयाचे हाडांचे बळ बव्हंशी ह्याच वर्षांत साठविले जाते. वेळ निघून गेल्यावर ते साठविता येत नाही.

म्हणून मुलीच्या मधल्या खाण्यात प्रथिनांच्या जोडीने लोहाचाही विचार हवा. कडधान्यांत दोन्ही असतात. परंतु त्यांतील लोह शरीरात सहजी शोषले जात नाही. उसळीवर लिंबू पिळले, किंवा बरोबर पेरू वा आवळा खाल्ला, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या साहाय्याने ते अधिक शोषले जाते. उलट खाण्याबरोबर चहा घेतला तर चहातील तुरट द्रव्य लोहास अडविते. चहा सोडवत नसेल तर तो खाण्यानंतर तासाभराने घ्यावा. मुलगी सारखी थकत असेल, तिचा चेहरा फिकट दिसत असेल, जिना चढताना तिला धाप लागत असेल, तर नुसत्या खाण्यावर विसंबून न राहता रक्त तपासून वैद्यकीय सल्ला घेणे हेच योग्य.

हे सर्व जाणूनही पुष्कळ घरांत गाडी अडते ती सोयीपाशी. आई-वडील दोघेही नोकरीवर असतात, संध्याकाळी पाच वाजता घरात कोणी नसते, आणि भुकेलेला मुलगा सर्वांत जवळचा डबा उघडतो. तेव्हा त्याच्या हाताला प्रथम जे लागावे असे वाटते, तेच हाताशी ठेवलेले असावे. फुटाणे-दाण्यांची बरणी पुढे आणि बिस्किटांचा डबा मागे, एवढ्या फेरबदलानेही पुष्कळ साधते. आठवड्यातून दोनदा कडधान्य भिजत घालण्याचा वार ठरवून टाकावा. मोड आलेली मटकी थंड कपाटात दोन-तीन दिवस चांगली राहते. धिरडे टाकणे, अंडे उकडणे, उसळ फोडणीस देणे ही कामे बारा-तेरा वर्षांच्या मुलास येण्यासारखी आहेत, आणि ती मुलगा-मुलगी दोघांसही यावीत. जे आपल्या हाताने केले ते मूल अधिक आवडीने खाते, हा सर्वत्रचा अनुभव आहे. हे खाणे रात्रीच्या जेवणाआधी दोन-अडीच तास व्हावे, म्हणजे जेवणाची रुची मरत नाही.

दोन-तीन पथ्ये मात्र पाळावीत. शेंगदाणे खवट किंवा बुरसट लागले तर काटकसर न करता टाकून द्यावेत. त्यांवर वाढणाऱ्या बुरशीचे विष यकृतास घातक असते आणि भाजल्याने ते पूर्णपणे जात नाही. ज्या मुलास दाणे, अंडी किंवा दूध बाधते, त्यास आग्रह करू नये. एकाची जागा दुसरा पदार्थ घेऊ शकतो. मूत्रपिंडाचा विकार असलेल्या मुलाचा आहार वैद्याच्या सांगण्यावाचून बदलू नये. आणि कितीही चांगला पदार्थ झाला तरी रोज तोच तो दिला तर मूल त्यास विटते, हे कोणत्याही आईस सांगावयास नको. सोमवारी उसळ, मंगळवारी धिरडी, बुधवारी चणे-दाणे आणि दही, गुरुवारी थालीपीठ, शुक्रवारी अंडी किंवा पनीर असा क्रम लावला की आठवडा सहज निघतो. शनिवारी एखादे वेळी वडापाव झाला, तर त्याने काही बिघडत नाही.

ह्यात कोठेही जादा खर्चाची मोठी बाब नाही. एका डबा भुकटीच्या किमतीत घरातील दोन मुलांस पुष्कळ दिवस पुरतील एवढी कडधान्ये येतात. हवी असते ती थोडी आधीची तयारी, आणि मुलाच्या भुकेस खादाडपणा न म्हणण्याचा विवेक. आज रात्री निजण्यापूर्वी दोन वाट्या मटकी पाण्यात पडली आणि उद्या सकाळी ती निथळून फडक्यात बांधली, तर परवा संध्याकाळी ‘खायला काय आहे?’ ह्या प्रश्नास मुलगा आणि मुलगी दोघांपुढेही एक सारखीच भरलेली वाटी ठेवता येईल.